कासवांची राखण

आत्माराम बोटीवरच्या नोकरीतून चार वर्षांनी केळशीला परतला, तेव्हा त्याला सामोरं यायला घरात कुणी नव्हतं. हर्णैला आगबोटीतून उतरून, खाडी तरीच्या होडीने ओलांडून, डोक्यावर ट्रंक घेऊन तो आपल्या नारळाच्या वाडीत शिरला. दार ओढून घेतलेलं. विहिरीवरचा रहाट उभा. वाडी संपते तिथून समुद्रकाठची पुळण सुरू होते, आणि तिकडून माणसांचा गलबला ऐकू येत होता.

तो तसाच पुढे गेला. पंधरा-वीस बायाबापड्या वाळूत घोळका करून उभ्या होत्या आणि मधोमध त्याची बायको येसूबाई, पदर खोचून, करवंदीच्या काटेरी फांद्या रोवत होती. तिने मान वर करून पाहिलं. चेहरा उजळला खरा, पण हात थांबले नाहीत.

"आलात? जरा थांबा हं, एवढं कुंपण पुरं करते."

आत्मारामाला पहिला काटा तिथेच रुतला.

गोष्ट अशी झाली होती. त्या पुळणीवर थंडीत कासविणी अंडी घालायला यायच्या. जुनी माणसं सांगत, एकेका मोसमात मोजता यायच्या नाहीत. पुढे कोल्ह्यांनी अंडी उकरली, माणसांनी त्याहून जास्त उकरली, आणि एका वर्षी एकच कासवीण आली. येसूबाईने ते पाहिलं. दुसऱ्या दिवशी ती देवळात बायांना म्हणाली, "देवापुढच्या दगडी कासवाला हात लावून आपण पाया पडतो, आणि बाहेर येऊन त्याचीच पोरं उकडून खातो. देवाला काय वाटत असेल गो?" आधी हसल्या सगळ्या. मग धोंडूबाई म्हातारी म्हणाली, "खरं बोलते ती." बघता बघता गावाने ठराव केला. दर घराने पाळीपाळीने राखणीला बसायचं. बायांनी काथ्या वळायला तिथेच आणायचा. जो अंडी काढील, त्याच्या घराच्या शाकारणीला त्या वर्षी गावातलं कुणी जाणार नाही. छपरावर नवा पेंढा घालायचं ते काम गावाच्या हातांनी दिवसात उरकतं. एकट्याने करायचं म्हणजे जीव जातो.

आत्माराम घरी आल्यावर शेजारीपाजारी भेटायला आले. त्याने ट्रंक उघडून एडनचे खजूर वाटले, बोटीच्या भट्टीपुढे माणूस कसा भाजतो ते सांगायला घेतलं. ऐकणाऱ्यांनी खजूर खाल्ले आणि येसूबाईला विचारलं, "काय गो, वरच्या अंगाचं घरटं भरतीत नाय ना जायचं?" ती सांगू लागली तशा सगळ्या माना तिकडे वळल्या. आत्मारामाचा हात ट्रंकेच्या झाकणावर तसाच राहिला.

मग रोजच तसं होऊ लागलं. वाटेत माणसं त्याला म्हणत, "तू येसूबाईचा घोव ना?" पूर्वी तिला लोक आत्मारामाची बायको म्हणत. जेवताना ती वाढायची, पण दारात कुणी हाक मारली की पळी टाकून जायची. कोल्ह्याचा, कुत्र्याचा, सरकत्या वाळूचा राग येतो तसा त्याला त्या न दिसणाऱ्या अंड्यांचा राग येऊ लागला. वाडी आपली, बायको आपली, आणि दोन्हींवर हक्क गावाचा!

एका दुपारी त्यांच्या घराची पाळी होती. आत्माराम म्हणाला, "आज मी बसतो."

येसूबाई बघतच राहिली. "खरंच बसता?"

"बसतो म्हटलं ना."

ती इतकी हरखली की त्याने मान फिरवली.

हर्णैचा भिवा, त्याच्याबरोबर बोटीवर असलेला, माडीचं मडकं घेऊन आला होता. दोघे कुंपणाशी बसले. माडी चढली तसा भिवा म्हणाला, "वाडी तुझी ना रे? मग पुळणही तुझीच. का बायकोला विचारायला हवं?"

आत्मारामाने काटे उपसून फेकले. हाताने वाळू उकरली. नुकतीच अंडी घातलेलं घरटं होतं. मऊ, ओलसर अंडी हाताला लागली. त्यांनी तीन दगड मांडून ती उकडली. कितीही उकडलं तरी आतलं पांढरं घट्ट होईना. आत्मारामाने दोन खाल्ली. तिसरं राखेत टाकून दिलं.

संध्याकाळी धोंडूबाई आपल्या पाळीला आली, तोवर भिवा निघून गेला होता.

"कोल्ह्याने उकरलं," आत्माराम म्हणाला.

म्हातारीने राखेकडे पाहिलं. "आताशा कोल्हे चूल मांडायला लागले वाटतं."

देवळात गाव जमला. गावचा मुख्य, गावकर, मवाळ माणूस. तो म्हणाला, "नवा आलाय, त्याला ठाऊक नव्हतं. यंदा सोडून देऊ." सगळ्यांनी येसूबाईकडे बघत माना हलवल्या. तिच्यासाठीच ते सोडायला तयार होते.

येसूबाई उठली. "ठराव केला तेव्हा माझं घर काय गावाबाहेर होतं? आमच्या शाकारणीला कुणी येऊ नका."

तिच्याकडे बघणाऱ्या नजरा आत्मारामाने पाहिल्या, आणि शरमेने मान खाली घालतानाही त्याला पुन्हा तोच काटा टोचला. गुन्हा त्याचा, आणि मान तिचा!

वैशाखात दोघांनीच छप्पर उतरवलं. तो वर, ती खाली. ती पेंढ्या वर फेकायची, तो झेलून सुंभाने बांधायचा. गावातली माणसं दगडी गडग्यापलीकडून खाली मान घालून जात. पहिले काही दिवस दोघांत कामापुरतेच शब्द झाले. मग एकदा पेंढी हातात धरून ती थांबली.

"अंडी गेली त्याचं वाईट वाटलंच. पण तुम्ही बसतो म्हणालात, तेव्हा मी साऱ्या गावाला सांगत फिरले होते. आमचे हे आज राखणीला बसलेत म्हणून."

आत्मारामाने हातातला सुंभ बाजूला ठेवला. मग छपरावरूनच म्हणाला, "मी घरी आलो, ते तुला कळलं तरी काय गो?"

ती वर बघत राहिली. असं काही त्याच्या मनात असेल हे तिच्या ध्यानीही आलं नव्हतं.

"कळलं नसतं, तर सांगत फिरले असते का?" ती हळूच म्हणाली आणि पेंढी वर फेकली. ती नीट गेली नाही. त्याने वाकून कशीबशी झेलली.

अर्धं छप्पर उघडं असताना आभाळ भरून आलं. तेवढ्यात धोंडूबाई गडग्याशी येऊन ओरडली, "येसू! वरच्या घरट्यातली पिल्लं निघाली गो!"

येसूबाईने पुळणीकडे पाहिलं, मग उघड्या वाशांकडे. "मी इथंच थांबते. पाऊस येईल."

"जा," आत्माराम म्हणाला.

"आणि हे?"

"मी बांधतो. जा तू."

ती पळतच गेली. छपरावरून त्याला पुळण दिसत होती. लोक वाट सोडून दोन्ही बाजूंना उभे होते, मधे येसूबाई वाकून काहीतरी दाखवत होती. पिल्लं इतक्या लांबून दिसणं शक्य नव्हतं. तिचं हसू मात्र ऐकू आलं, आणि त्याला पुन्हा टोचलं, ओळखीचं, पहिल्यासारखंच.

त्याने सुंभाचं टोक दातात धरून गाठ आवळली. पेंढी वर द्यायला आता खाली कुणी नव्हतं. तो शिडीने उतरला, एक पेंढी खांद्यावर घेतली आणि पुन्हा वर चढू लागला.