बिनशेपटीच्या पेशी

दीक्षानं काचपट्टी सूक्ष्मदर्शकाखाली सरकवली आणि स्टूल दादासाठी मोकळं केलं. विद्यापीठातून तिला न्यायला आलेला प्रसेनजीत दारात ताटकळत होता, म्हणून तिनंच त्याला प्रयोगशाळेत बोलावलं होतं.

उद्या निशिगंधावहिनीला दुर्बिणीच्या तपासणीसाठी जयसिंगपूरला न्यायचं होतं. लग्नाला सहा वर्षं झाली तरी मूल नव्हतं. सुया टोचून घेऊन, गोळ्या गिळून वहिनी मेटाकुटीला आली होती आणि दादाची एक साधी तपासणीही झाली नव्हती. पण हे बोलायचं कुणी? आई बोलणार नव्हती, आणि थोरल्या भावापुढं असला विषय काढायला धाकट्या बहिणीची जीभ रेटत नव्हती. आठवडाभर तिनं ते शब्द चहाबरोबर गिळले. शेवटी ठरवलं, उंदरालाच पुढं करावं.

प्रसेनजीतनं एक डोळा मिटून पाहिलं.

“नुसतं गोल गोल दिसतंय.”

“एका उंदराच्या शुक्रपेशी हायत, दादा. शेपट्या फुटायच्या आधीच थांबल्यात.”

तिनं वर्गात शिकवायचा सूर धरला, तेवढाच आडोसा. एक प्रथिन असतं, ते जनुकांना वेळेवर जागं करून पुढच्या कामाला लावतं. या नरात ते तयारच होत नव्हतं, म्हणून पेशी निम्म्या वाटेवर अडल्या.

“आजारी हुता व्हय?”

“न्हाय. चांगला खायचा, पळायचा, माद्यांजवळ जायचा. वरनं काय बी कळत नव्हतं.”

मग तिनं प्राणिगृहातली गोष्ट सांगितली. पिल्लं होईनात, तशी तिथल्या गुंडूमामांनी नेहमीच्या रिवाजानं मादी बदलली. दुसरीलाही झाली नाहीत, तेव्हा दोघींच्या पिंजऱ्यावर ‘वांझ’ अशी चिठ्ठी लागली. नराकडं कुणाचंच लक्ष गेलं नाही. इतकी शिकलीसवरलेली माणसं, पण त्या चिठ्ठीसमोरून रोज खुशाल ये-जा करत होती.

“मग त्या माद्या?” त्यानं मान न उचलताच विचारलं.

“दुसऱ्या नराबरोबर ठिवल्या. दोघींना बी पिल्लं झाली.”

प्रसेनजीत बराच वेळ तसाच वाकून राहिला. सूक्ष्मदर्शकाचा दिवा दीक्षानं मघाशीच बंद केला होता.

आपण फार बोललो की काय, हेच घरी येईपर्यंत गाडीवर दीक्षाच्या मनात घोळत होतं.

वहिनीची पिशवी दाराशी भरून ठेवली होती. शेवंताबाई सुनेला सकाळी पाणीसुद्धा पिऊ नकोस म्हणून बजावत होत्या. प्रसेनजीतनं पिशवी उघडली, वहिनीचा गाऊन काढून तिच्या हातात दिला आणि दोरीवरचा स्वतःचा टॉवेल आत कोंबला.

“उद्या तू नुसती सोबतीला चल,” तो तिला म्हणाला. “डॉक्टरला माझं बघायला सांगू.”

शेवंताबाई त्याच्याकडं बघतच राहिल्या.

“तुला रं काय झालंय?”

“तेच बघायचं हाय की, आई.”

वहिनी गाऊन छातीशी धरून तशीच उभी राहिली. दीक्षा उंबऱ्यापाशी खाली वाकून सँडलचा पट्टा सोडत होती. तो काही केल्या लवकर सुटेना.