मिरची तेवढी कळते

रविवारी सकाळी धाकट्या भावाचा फोन आला, आणि त्याने मला चक्क दारू प्यायला बोलावलं.

"ताई, येताना तिखट काही खाऊ नकोस. जीभ स्वच्छ हवी."

"माझी जीभ आणि स्वच्छ? घरात कुणालाही विचार!" मी म्हणाले. तो हसला नाही. तिथेच माझ्या मनात पाल चुकचुकली.

तो एका मोठ्या हॉटेलच्या बारमध्ये काउंटरवर उभा राहून कॉकटेल बनवतो. आमच्या आईला हे शेवटपर्यंत पटलं नाही. कुणी विचारलं की ती सांगायची, "सरबतं करतो." तिथल्या मुख्य बारटेंडरची जागा रिकामी झाली होती. मॅनेजरने नवीन काहीतरी मागितलं, आणि माझ्या भावाने फळांचं तिखट कॉकटेल करतो म्हणून सांगून टाकलं. बारमध्ये रंगकाम चालू होतं, म्हणून मॅनेजरसाहेब दुपारी त्याच्या घरीच चाखायला येणार होते. आवडलं तर ती जागा त्याची. भावजय गरोदर होती, घरात खर्च वाढणार होता, त्यामुळे ही जागा मिळणं गरजेचं होतं. एरवी घरी चाखायचं काम तिचंच. आता तिला दारू वर्ज्य, म्हणून माझी वर्णी लागली.

मी पोचले तेव्हा ओट्यावर नुसता पसारा होता. संत्री, लिंबं, अननसाच्या रसाची बाटली, साखरेच्या पाकात उकळून गाळलेली हिरवी मिरची, बर्फ. त्याने सगळं मापाने शेकरमध्ये ओतलं, वर व्होडका घातली, खांद्याजवळ धरून जोरात हलवलं आणि ग्लास माझ्यापुढे केला. मी घोट घेतला. डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी, कानांतून धूर.

"हे प्यायचंय का कुणाच्या अंगातलं भूत उतरवायचंय?" मी ओरडले.

त्याने बार‌वाल्यांच्या पद्धतीने ग्लासात स्ट्रॉ बुडवली, वरच्या तोंडावर बोट दाबलं आणि आत अडकलेले थेंब जिभेवर सोडले. जरा विचार करून म्हणाला, "मला वाटतं, अजून थोडी मिरची चालेल."

दारात उभी असलेली भावजय एकदम आत निघून गेली. मी म्हटलं, गरोदर बाई आहे, मळमळत असेल.

दुसऱ्या ग्लासासाठी त्याने अननसाच्या रसाची नवी बाटली उघडली. झाकण निघालं तसा मला टेबलापाशी भपकारा आला. रस पार आंबला होता. बाटली तर त्याच्या नाकाखाली होती! तो शांतपणे माप भरत होता. शेकर हलवला, स्ट्रॉ बुडवली, चाखलं आणि मान डोलावून म्हणाला, "हे जमलं."

मी बाटली हिसकावून घेतली. "अरे, नासलाय रस! वास येत नाही तुला?"

उत्तर आतून आलं. भावजय डोळे पुसत बाहेर आली होती.

"त्याला कसलाच वास येत नाही, ताई. मागे ताप आला तेव्हापासून. चवही गेली. इतके दिवस मीच चाखून सांगत होते, आणि तो माप पाठ करून कामावर जात होता."

मला राग आला. मला सांगितलं नाही याचा आला, आणि इतके दिवस तो असा जेवत होता याचाही आला. "मग हे तिखट काढायची दुर्बुद्धी कुणाची?"

"माझीच," तो म्हणाला. "मिरची तेवढी कळते, ताई. ती भाजते ना. बाकी सगळं पाणी. साहेबांनी विचारलं तेव्हा तोंडातून तेच निघालं."

म्हणजे जे त्याला कळत होतं, तेच तो ओतत सुटला होता. मी बाटली मोरीत रिकामी केली आणि त्याला ताजं अननस आणायला पिटाळलं.

मग हात त्याचे आणि जीभ माझी. तो प्रश्न विचारून भंडावून सोडत होता. आधी गोड लागतं का आंबट? मिरची जिभेवर लागते का घशात? गिळल्यावर मागे काय राहतं? "मागे तुझं डोकं राहतं!" मी वैतागले, पण हळूहळू मलाही कळायला लागलं. पाक कमी केला, लिंबू वाढवलं, अननसाची एक फोड गॅसवर भाजून, ठेचून घातली. शेवटच्या ग्लासातला एक घोट घेतला. दारूचं नाव काढलं तरी नाक मुरडणारी मी, दुसरा घोट घेऊन मोकळी झाले.

"साहेबांना काही बोलायचं नाही," मी दोघांना बजावलं.

साहेब आले, बसले, प्यायले. ग्लास उजेडात धरून पाहिला, पुन्हा प्यायले. "हे पहिल्याच आठवड्यात मेनूवर घेऊ," ते म्हणाले. भावजयीने माझा हात घट्ट धरला.

"पण फळ काही रोज सारखं येत नाही," साहेब म्हणाले. "उद्या अननस आंबट निघालं, तर काय करशील?"

"चाखून..." तो म्हणाला आणि अडकला.

"साखर वाढवेल की!" मी मध्ये तोंड घातलं.

"मी त्याला विचारलं."

त्याने शेकर खाली ठेवला. "साहेब, मला चव कळत नाही. हे माझ्या बहिणीने चाखलंय."

साहेब वाईट माणूस नव्हते. डॉक्टर काय म्हणतात ते विचारलं. चव परत येईल म्हणतात, कधी ते सांगत नाहीत, असं भावाने सांगितलं. त्यांनी ग्लास संपवला. "कॉकटेल मी घेतो, मेनूवर तुझं नाव टाकू. पण काउंटरवर नाही ठेवता येणार तुला. स्टोअरमध्ये काही जमतंय का बघतो." आणि ते गेले. भावजय आतल्या खोलीत जाऊन पडली.

"मोठा हरिश्चंद्र लागून गेलास!" मी त्याच्यावर तुटून पडले. "थोडे दिवस थांबला असतास, तर काय बिघडत होतं?"

"नासलेला रस पाजला असता मी लोकांना," तो म्हणाला. "आणि वर हसून विचारलं असतं, आवडलं का म्हणून."



शेकरमध्ये उरलेलं त्याने दोन ग्लासांत ओतलं, एक मला दिला. स्वतः घोट घेतला आणि बराच वेळ तोंडात धरून ठेवला.

"कसं झालंय गं?"

"छान."

"छान काय, छान? नीट सांग ना. माझं आहे ते."

मी सांगायला लागले. आधी संत्रं येतं. मग अननस, जरा करपल्यासारखं, गोड. मग लिंबू. त्याने डोळे मिटून घेतले होते.

"आणि मग मिरची," तो म्हणाला. "ती कळली. तिच्या आधीचं परत सांग."

मी एक घोट घेतला, आणि पहिल्यापासून सांगायला लागले.