जीवराम यांचे कुटुंब

शनिवारी नानांना, माझ्या वडिलांना, घेऊन मी जळगावातच भरलेलं जुन्या एरंडोलच्या छायाचित्रांचं प्रदर्शन पाहायला गेले. कापसाच्या जिनिंगची चिमणी, बाजारातले मातीचे रस्ते, ओट्यावर रांगेत बसवलेली कुटुंबं. नाना प्रत्येक फोटोत चूक काढत होते. "ही विहीर या अंगाला नव्हती. फोटो उलटा छापलाय." एका फोटोपाशी मात्र ते गप्प उभे राहिले. मी जवळ गेले तसे म्हणाले, "चल, भूक लागली." घरी भरीत-भाकरी खाऊन झोपले. रविवारी पहाटे गेले.

तेराव्यानंतर मी एकटीच तिथे परत गेले. त्या फोटोत मांडीवर तान्हं बाळ घेतलेली तरुण बाई होती, कपाळावर ठसठशीत कुंकू, शेजारी कोटातला माणूस. खाली लिहिलं होतं : जीवराम यांचे कुटुंब, १९६७.

माणूस नाना होते. डावा कान पुढे आलेला, तोसुद्धा त्यांचाच.

नानांचं नाव मगन. लग्नाआधी ते एरंडोलला जिनिंगमध्ये नोकरीला होते, एवढंच आम्हाला माहीत. धुळ्याला मामाकडे जाताना त्या गावात गाडी थांबवू द्यायचे नाहीत. आईला चहा हवा असला तरी तो पुढे पारोळ्यालाच. त्या प्रत्येक न थांबण्याचा मी आता वेगळा अर्थ लावू लागले. विचारायला आईही राहिली नव्हती.

धाकट्या भावाला, जितेंद्रला, फोन केला. "ताई, नानांना एक संसार झेपत नव्हता, दुसरा कुठून करतील?" तो हसला. मला हसू आलं नाही.

प्रदर्शनवाल्यांकडून त्या कुटुंबाचा पत्ता घेऊन मी एरंडोल गाठलं. पिकल्या केसांच्या माणसाने दार उघडलं. प्रेमराज, असं नाव सांगितलं. आत खाटेवर त्याची आई, मंजुळाबाई, बसली होती आणि भिंतीवर तोच फोटो, मोठा केलेला, हार घातलेला.

जुन्या फोटोंची माहिती गोळा करतेय, असं मी खोटंच सांगितलं.

"हे आमचे वडील. मांडीवर मी," प्रेमराज म्हणाला. "सगळे म्हणतात, मी त्यांच्यावरच गेलोय."

मी त्याचा कान निरखत होते. कान साधाच होता, पण तेवढ्याने माझं समाधान झालं नाही.

तो दूध आणायला बाहेर पडला, तशी म्हातारी म्हणाली, "मगनभाऊनी पोर ना तू? नाक तेच शे."

मी फोटोकडे बोट केलं. "मग हे कोण?"

"तुना बाप."

जीवराम शेतात साप चावून गेला, तेव्हा प्रेमराज पोटात होता. नवऱ्याचा एकही फोटो नव्हता. पुढे फोटोवाला गल्लीतली घरं टिपायला आला, तेव्हा सासू म्हणाली, पोराला बाप दाखवायला काहीतरी हवं. शेजारी राहणारे नाना साधारण त्याच अंगकाठीचे. जीवरामचा कोट त्यांच्या अंगावर चढवला.

"माले कुंकू परत लावनं पडनं," मंजुळाबाई म्हणाली. "फोटोपुरतं. मंग पुसी टाकं."

"प्रेमराजना माहीत आहे?"

"नही. पोऱ्या फोटो दखीसन त्यास्ले बाबा म्हने लागना. मंग मगनभाऊ गाव सोडी गयात. परत उनातच नही."

बाहेर चपला वाजल्या. तिने आवाज उतरवला. "मगनभाऊ कसा शेतस आते?"

नाना गेल्याचं इतके दिवस आल्यागेल्याला जितेंद्रच सांगत होता. मी आत निघून जायचे.

प्रेमराज दुधाची पिशवी घेऊन दारात उभा होता.

"माझे वडील वारले," मी म्हणाले.