हरलेल्यांच्या सह्या

लेक दुपारी एकला झोपते आणि अडीचला उठते. त्या दीड तासात घर पाण्याखाली गेल्यासारखं होतं. पडदा संथ हलतो, नळाचा थेंब कुठून तरी फार लांबून पडतो, आणि मी ओट्याशी उभी राहून लिहिते. उभ्यानेच, कारण खुर्ची सरकवली की बाईसाहेब जाग्या होतात.

अशा बारा दुपारी खर्ची घालून मी एक अर्ज लिहिला होता, सरकारी विद्यापीठाच्या क्रीडा समितीला. मुलींचा कुस्तीचा संघ सुरू करा, एवढंच म्हणणं. राज्यात तीन सरकारी विद्यापीठं. तिन्हींकडे पोहणं आहे, नेमबाजी आहे, एकाकडे तर गोल्फसुद्धा आहे, आणि कुस्ती एकाकडेही नाही. शाळेत असेपर्यंत मुली खेळतात. शाळा संपली की कोणीतरी येऊन दिवा मालवून जातं. माझा सहा वर्षांपूर्वी मालवला होता. पण ते मी अर्जात घातलं नाही. अर्ज माझ्या नणंदेसाठी होता.

तिला सगळे मुंगी म्हणतात. वजन त्रेपन्न किलो आणि उचलते त्याच्या दुप्पट. सकाळी लाँड्रीत दवाखान्याच्या चादरींना इस्त्री करते, संध्याकाळी बस दुरुस्तीच्या शेडवर एक हॉल आहे तिथे सराव करते. लाँड्रीवाल्यांनी तिला पूर्ण पाळीवर यायला सांगितलं होतं आणि तिने पंधरा दिवस मागून घेतले होते.

"विद्यापीठाचं हो आलं तर शिकेन आणि खेळेन," ती म्हणाली होती. "नुसतं शिकायला काही मी जायची नाही, माझं डोकं मॅटवरच चालतं. नाही म्हणाले तर चादरी. मग या घरात कुस्तीचं नाव काढायचं नाही, वहिनी. तूसुद्धा नाही."

विद्यापीठाचं पत्र सोमवारी दुपारी आलं, लेक नुकतीच डोळे मिटत होती तेव्हा. मी तिला थोपटता थोपटता एका हाताने पाकीट फोडलं. 'इच्छुक विद्यार्थिनींची संख्या दहा. नियमानुसार किमान पंचवीस आवश्यक. सुधारित यादी बुधवारी सकाळी अकराच्या सुनावणीत सादर न झाल्यास प्रकरण बंद करण्यात येईल.'

दहा? हॉलमध्ये अठ्ठावीस मुली होत्या. यादीचा कागद मी कोरा ठेवून कोचकडे दिला होता, आणि नंतरचा आठवडा लेकीच्या दातांपायी मी घराबाहेर पडले नव्हते. ओट्याशी जाऊन मी त्यांना फोन लावला, हळू आवाजात स्पीकरवर. कोच मला अजून पोरीच म्हणतात. माझेही तेच कोच होते.

"सर, दहाच नावं कशी?"

"वजनगट दहा आहेत ना, पोरी."

"सर, ती इच्छुकांची यादी होती. ज्यांना ज्यांना आवड आहे त्या सगळ्यांची."

"यादी म्हणजे यादी. आयुष्यभर भरत आलोय. एका वजनाला एक नाव." मग आवाजात थोडा अभिमान आला. "आणि अशी तशी नाही भरली हो! तीन दिवस निवड चाचणी घेतली. जी जिंकली तिने सही केली. वशिला नाही, काही नाही."

मी ओट्यावर कपाळ टेकलं. दुसऱ्या कुठल्याही खेळाच्या लोकांनी कागद हातोहात फिरवला असता. आमच्या लोकांनी सही करण्यासाठी कुस्त्या लावल्या.

सासूबाई दारात उभ्या राहून ऐकत होत्या. "एका सहीसाठी एकमेकींना आपटलंत?" त्या म्हणाल्या. "तुम्हाला मतदानाला पाठवलं तर काय कराल गं बायांनो!"

मी हसले, आणि हसता हसता पत्रासोबत जोडलेल्या यादीवर माझं बोट थांबलं. त्रेपन्न किलोपुढे जिराफचं नाव होतं. जिराफ म्हणजे मुंगीची मैत्रीण, सगळ्यांत उंच. मुंगीचं नाव कुठेच नव्हतं. आठवडाभर ती खाली मान घालून जेवत होती आणि मी म्हणत होते, चादरींनी दमली असेल.

मंगळवारी चार वाजता लेकीला कडेवर घेऊन मी हॉलमध्ये गेले. खाली शेडमध्ये बसची इंजिनं घरघरत होती आणि ती घरघर जिन्यातून, फरशीतून, तळपायांतून वर येत होती. मॅट तशीच होती. पिवळं वर्तुळ, ठिगळासारख्या चिकटपट्ट्या, रबराचा आणि घामाचा तोच कोमट वास. कलत्या उन्हात मुली एकमेकींना धरून इतक्या हळू फिरत होत्या, की लांबून वाटावं कुस्ती नाही, एकमेकींना झोपवताहेत. लेकीने माझ्या खांद्यावर डोकं टाकलं. मीही क्षणभर विसरले की कशासाठी आले.

मग सगळ्यांना बसवून मी पत्र वाचून दाखवलं. हरलेल्या अठरा जणी होत्या. अठराही जणींनी आधी कागदाकडे पाहिलं आणि मग मुंगीकडे.

"मी नाही करणार सही," मुंगी म्हणाली.

"अगं, ही संघाची यादी नाही. फक्त आवड..."

"सगळ्यांसमोर हरले, वहिनी. पंच सर होते, शिट्टी सरांची होती. आता मागच्या दाराने नाव घालू?"

"मुंगे, शहाणपणा पुरे," जिराफ म्हणाली. "तू नसलीस तर मी सराव कोणाशी करू? खांबाशी?"

"खांब बरा. तो तुझ्यासारखा बडबड करत नाही."

मुली हसल्या, पण पेन कोणी उचललं नाही. मी नियम समजावला, परत समजावला. मुंगी मनगटावरची पट्टी सोडत होती, गुंडाळत होती. माझ्या बारा दुपारी त्या पट्टीबरोबर गुंडाळल्या जात होत्या.

"किती गुणांनी हरलीस?" मी विचारलं.

"एका."

"कशी?"

"शेवटच्या दहा सेकंदांत. माझं लक्ष घड्याळाकडे गेलं."

"मला सांग ना अजून."

"कशाला?"

"कारण मला असं सांगण्यासारखं काही नाही," मी म्हणाले. लेक झोपली होती म्हणून मी अगदी हळू बोलत होते. "शाळेतली शेवटची कुस्ती मी जिंकले. त्यानंतर हरलेच नाही. सहा वर्षं झाली, मला कोणी पाडलं नाही. पाडायला कोणी समोर आलंच नाही, मुंगे. हरायलासुद्धा जागा लागते गं. तीच मागतोय आपण."

इंजिनं घरघरत राहिली. मुंगी माझ्याकडे बघत राहिली, जणू मी तिच्या दादाची बायको नसून कोणीतरी दुसरीच, आत्ताच जिना चढून आलेली. मग तिने पेन घेतलं. सही फार मोठी केली, तिरकी, दोन ओळींत जाणारी. तिच्यामागे पंधरा जणींनी केल्या. दोघी नाहीच म्हणाल्या आणि त्यांना कोणी आग्रह केला नाही.

बुधवारी समितीच्या खोलीत लांब टेबल होतं, त्यावर पाण्याचे पाच पेले आणि पलीकडे पाच माणसं. आम्ही भिंतीलगत: कोच, सात मुली, मांडीवर लेक घेऊन मी. अध्यक्षबाईंनी चष्मा कपाळावर सरकवून दोन्ही याद्या शेजारी शेजारी धरल्या.

"आधी दहा, आज सव्वीस. दोन दिवसांत आवड वाढली?" आवाज गोड होता, पण रोख कळत होता. "या नव्या सोळा कोण?"

कोच उठले, घसा खाकरून परत बसले. मी तोंड उघडलं तेवढ्यात मुंगी उभी राहिली.

"हरलेल्या, मॅडम."

"म्हणजे?"

"सही कोण करणार यासाठी आमच्यात कुस्त्या झाल्या. दहा जिंकल्या, बाकीच्या हरलो. आम्हाला वाटलं, यादीत जिंकलेल्यांनीच यायचं असतं."

टेबलापलीकडचे एक गृहस्थ पाणी पीत होते, त्यांना ठसका लागला. अध्यक्षबाई हसल्या नाहीत.

"तू हरलीस. म्हणजे संघ झाला तरी त्यात तू नाहीस. मग तुला हा संघ कशाला हवा?"

माझा हात लेकीच्या पाठीवर होता आणि तिचा श्वास मला माझाच वाटत होता.

"पळणारीला रस्ता पुरतो, मॅडम," मुंगी म्हणाली. "पोहणारीला तलाव. कुस्तीला दुसरी मुलगी लागते." तिने जिराफकडे बोट दाखवलं. "हिला रोज कोणीतरी पाडलं, तर ही बाहेर जाऊन कोणाला पाडेल. तुम्ही दहाच घेतल्या तर त्या दहा जणी खांबाशी सराव करतील." ती परत जिराफकडे वळली. "आणि पुढच्या वर्षी हिच्या जागी मी असेन."

"बघू," जिराफ पुटपुटली, आणि ते सगळ्यांना ऐकू गेलं. आता अध्यक्षबाई हसल्या.

अर्ध्या तासाने आम्हाला परत आत बोलावलं. एक वर्ष, प्रायोगिक. ग्रंथालयामागचा मोडक्या खुर्च्यांचा हॉल. फक्त बारा मीटर लांबी-रुंदीची मॅट तिथे बसते का, ते चारच्या आत लेखी द्यायचं.

हॉल उघडून मिळाला, मोजपट्टी नाही. ती भांडारपालाच्या कपाटात, आणि भांडारपाल रजेवर. रुंदी मोजायची गरजच नव्हती, ती उघड पुरत होती. प्रश्न होता लांबीचा. मुलींनी खुर्च्या कडेला लावल्या. कोच भिंतीकडे बघत ओठांतल्या ओठांत काही पुटपुटले. प्रत्येकीची उंची त्यांना वजनासारखीच पाठ.

"आडव्या व्हा," ते म्हणाले. "एकीच्या टाचांना दुसरीचं डोकं. ओळीने."

पाठ जमिनीला लागू नये म्हणून जन्मभर झगडणाऱ्या पोरी, एकापाठोपाठ एक धुळीत उताण्या झाल्या. जिराफ, मग बाकीच्या, सातवी मुंगी. खिडक्यांतून पडणारं ऊन त्यांच्यावरून पट्ट्यापट्ट्यांनी सरकत होतं आणि धूळ इतकी सावकाश तरंगत होती, की मोजायला आलोय हे कोणाच्या लक्षात राहिलं नसावं. भिंत अजून दूर होती.

"अजून एक पाहिजे. आठवी मावली तर मॅट नक्की बसते," कोच म्हणाले आणि त्यांनी हात पुढे केले. मी लेक त्यांच्याकडे दिली. ती लगेच त्यांच्या गळ्यातल्या शिट्टीला लटकली.

मी मुंगीच्या पलीकडे आडवी झाले, पाय तिच्या डोक्याशी. सहा वर्षांनी पाठ कठीण जमिनीला लागली. माझ्या डोक्यावर आणखी हातभर फरशी उरली होती. कोचनी खिशातून कागद काढला आणि लेकीला सांभाळत त्यावर एकच शब्द लिहिला: बसते.

कोणीच उठलं नाही. मी छताकडे बघत पडून राहिले. लेकीची शिट्टी मध्येच वाजत होती. एवढ्यात एका हाताने माझा घोटा धरला, घट्ट, खेळाडूच्या पकडीने.

"सोडव बघू, वहिनी," मुंगी म्हणाली.

माझा दुसरा पाय आपोआप वळला.