उन्हाला भिणारा रंग

माघातली दुपार टेकडीवर सांडली होती. पळसाच्या उघड्या फांद्या उन्हात न्हात होत्या. साऱ्यांना हवंहवंसं ते ऊन टेकडीखालच्या एका खोलीला मात्र नको होतं. तिच्या खिडकीवर काळा पडदा होता, कुप्यांना चंदेरी वर्ख गुंडाळलेला होता, आणि आत माधवराव केळुसकर अंधाराला धरून बसले होते.

ते रंग घडवत. पेशीच्या पोटात शिरून सूक्ष्मदर्शकाखाली उजळणारे रंग. पण ज्या प्रकाशात रंग उजळे, त्याच प्रकाशात तो जळे. पाहावा तितका विझे. म्हणून तिथली रीत एकच. क्षणभर पाहायचं, की लगेच दिव्याची झडप लावायची.

हेमलता, त्यांची बायको, हसायची. "अहो, हळदीचा डाग साबणाला दाद देत नाही, पण उन्हात टाकला की उडतो. तुमचा रंग तसलाच. भित्रा."

कर्करोगाच्या शस्त्रक्रियेआधी तिनेच सांगितलं होतं, गाठीतला तुकडा तुमच्या कामाला ठेवा.

हेमलता गेली. तुकड्याचे पातळ पापुद्रे राहिले. जुन्या रंगात एकेक उजळला, आणि त्यांच्या डोळ्यांदेखत एकेक काळवंडला. दर वेळी ती पुन्हा गेली. आता शेवटचा पापुद्रा उरला होता.

जुन्या रंगाच्या रेणूचे सैल हात प्रकाशात फडफडत आणि तुटत. नव्या रेणूचे हात त्यांनी कड्यांत जखडले होते. इतर पेशींत तो टिकला होता. तरी या पापुद्र्याला रंग लावण्याआधी त्यांनी कुपीवरची चिठ्ठी दोनदा वाचली.

दिवा लागला. काळोखात सोन्याचे धागे उमटले, धाग्याला धागा, जाळीला जाळी. जिने तिला नेलं तीच ही गाठ, आणि तिचं म्हणून उरलेलं तेही हेच. त्यांचे डोळे भरून आले. ते उठले, तोंडावर पाणी मारलं, आणि खिडकीशी पडदा धरून उभे राहिले.

शेजारच्या खोलीतून सहकारी नफीसा तांबोळी चहा घेऊन आली आणि दारातच थबकली. टेबलावर निळा प्रकाश गळत होता.

"सर, झडप उघडी राहिलीय."

चहा निवला. साय धरली. माधवराव पडदा सोडेनात. जुना रंग एव्हाना केव्हाच राख झाला असता.

"मी पाहू का?" तिने हळूच विचारलं.

"नको. गेली असेल, तर मलाच दिसू दे."

ते वाकले. डोळा मिटलेलाच भिंगाला लागला. मिटलेल्या डोळ्यात काळोख, काळोखाच्या तळाशी काळोख. मग पापणी उघडली.

धाग्याला धागा. जाळीला जाळी.

हात सवयीने झडपेकडे गेला, आणि अर्ध्यातच राहिला. दिवा जळत होता, ऊन पडद्याला धडका देत होतं, आणि त्या काळ्या तळाशी सोनं तसंच होतं. तसंच. अजून तसंच.