शिखराच्या वाटेवरची संशयी पाटी

मित्रांनो, या पर्वताच्या शिखरावर आजवर जो जो पोचला, तो माझ्या परवानगीने पोचला. परवानगी मी कोणालाच नाकारलेली नाही, कारण मी एक जुनी पत्र्याची पाटी आहे आणि मला कोणाला अडवता येत नाही.

कारखान्यात मला कापून पिवळा रंग दिला. वर लिहिलं, 'पुढे केवळ अनुभवी गिर्यारोहकांसाठी'. खाली परतणाऱ्यांसाठी एक बाण आणि 'तळ'. मग इथे खिंडीत आणून लोखंडी खांबाला बोल्टने आवळलं. इथे तीन वाटा मिळतात. एक शिखराकडे चढते, एक तळाकडे उतरते. तिसरी रुंद, गवताळ वाट चार-पाच पावलांत थेट कड्यावर नेते. तिच्यावर माझा पहिल्यापासून संशय होता. एवढी सोपी वाट या डोंगरात करते काय?

सुरुवातीला सगळे माझ्याजवळ थांबून फोटो काढत. मला वाटे कौतुक आहे. मग कळलं, ते दम खात होते. दिवसभर धुक्यात काही दिसलेलं नसतानाही उतरणारे 'काय दृश्य होतं!' म्हणतात. शिखर खरोखर आहे का, याचीही मला शंका आहे.

पुढे रंग उडाला, निगा राखायला कोणी फिरकलं नाही आणि एके दिवशी बोल्टही गेला. माझा संशय एका बकरीवर आहे. तेव्हापासून वारा फिरवेल तशी मी फिरते. तळ कधी कुठे असेल, ते मलाच सांगता येत नाही.

एका सकाळी एक नवरा-बायको वर आले. नवरोबा दातांचे डॉक्टर, त्यामुळे 'काही होत नाही' हे वाक्य त्यांच्या जिभेवर कायमचं बसलेलं. बाईंची नोकरी विमानतळावर लोकांच्या बॅगा उघडून बघायची. बुटांवरून दोघंही अनुभवी वाटले. तरी मी खात्री धरली नाही.

“अहो, ही पाटी खोटं बोलतेय,” बाई म्हणाल्या. “तळ तिकडे दाखवतेय. आपण तर इकडून आलो.”

“काही होत नाही गं. वाट माझ्या डोक्यात आहे.”

“घराच्या किल्ल्याही तुमच्या डोक्यातच असतात. मग सापडतात फ्रीजमध्ये.”

आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी माझ्यावर संशय घेतला. मला फार आपुलकी वाटली.

बाईंनी मला वळवून बाण आल्या वाटेकडे केला. “बांधायला काहीतरी द्या.”

“दोरी कापायची नाही हं. वर लागेल.”

“मग पँटची नाडी काढा.”

“काय?”

“काढा म्हटलं ना!”

बोल्टच्या भोकातून नाडी ओवून त्यांनी खांबावरच्या गंजाच्या डागावर गाठ मारली आणि दोनदा ओढून पाहिली. डॉक्टर शिखराकडे निघाले ते एक हात कमरेला लावून.

दुपारनंतर दाट धुकं उतरलं. वारा मला हिसके देत होता. बऱ्याच वेळाने दोघांचे आवाज आले.

“इकडे, इकडे!” डॉक्टर गवताळ वाटेला लागले. “किती रुंद आहे बघ. सकाळी इथूनच आलो आपण.”

“थांबा. एक पाऊल टाकू नका.”

बाई चाचपडत माझ्यापाशी आल्या. मला घाम फुटला. दवही असेल ते. मी हलले नव्हते असं मला वाटत होतं, पण मी स्वतःवरही विश्वास ठेवत नाही. त्यांची बोटं गाठीवर आली, गाठीवरून गंजाच्या खरखरीत डागावर.

“गाठ जागेवर आहे. तळ इकडे.”

डॉक्टरांनी पायाने एक दगड पुढे ढकलला. बराच वेळ काहीच नाही. मग खूप खालून आवाज आला.

ते मागे फिरले आणि दोन्ही हातांनी त्यांनी माझा खांब घट्ट धरला. पँट घसरली. बाई हसल्या नाहीत.

“नाडी सोडून देऊ का?” त्यांनी विचारलं.

“राहू दे. तिला जास्त गरज आहे.”

वळणापलीकडून मग हसण्याचा आवाज आला, दोघांचाही.

म्हणून सांगते मित्रांनो, पाटी दिसली की मान डोलावून पुढे जाऊ नका. तिला हात लावून बघा, हलवून बघा. आमची निगा राखा आणि आमच्यावर संशयही घ्या. दोन्ही एकच आहे.

हल्ली ती बकरी नाडीकडे टक लावून बघते. तेव्हा वर याल, तर येताना एक बोल्ट आणा. आणि नाडी तेवढी डॉक्टरांना पोचवा.