घरी जपायचा आवाज

बाईंचा घसा पार बसला तेव्हा डॉक्टर म्हणाले, महिनाभर बोलू नका. बाईंना हसू आलं. मुख्याध्यापकांना तर त्याहून जास्त आलं असावं. गणिताचे सर वैतागून नोकरी सोडून गेले होते, त्यांची तुकडीही बाईंच्याच वर्गात कोंबली होती, आणि रजा मागितली की मुख्याध्यापक म्हणत, "एवढं वर्ष काढा, मग बघू." हे ते दरवर्षी म्हणत.

मग बाईंनी आपल्यापुरता तोडगा काढला. आवाज शाळेत वापरायचा आणि घरी जपायचा. घरी होते फक्त वडील, दृष्टी गेलेले. रोज संध्याकाळी त्यांना पेपर वाचून दाखवायचा हा बापलेकीचा जुना परिपाठ, तो आधी बंद पडला. मग हातावरच्या खुणा ठरल्या. एक टिचकी म्हणजे चहा, दोन म्हणजे जेवण, आणि घरात शिरताच पंजा घट्ट दाबला की 'मी आले'. बाबांनी कुरकुर केली नाही. एकदाच म्हणाले, "पोरी, विसरून जाईन गं तुझा आवाज." बाईंनी एक टिचकी मारली आणि चहा पुढे केला. वाईट वाटलं, पण वाईट वाटून घ्यायलाही अंगात त्राण लागतं.

एका दुपारी बाबांनी शेजाऱ्याला गळ घातली. "ती शिकवते तिथे मला ने. बाहेर गुपचूप बसून ऐकेन." शेजाऱ्याने त्यांना वर्गाबाहेरच्या बाकावर बसवलं आणि तो आपल्या कामाला गेला.

आत मागच्या बाकावर कोणीतरी हसलं. कशाला, देव जाणे. बाईंचा तोल सुटला. "दगड आहात नुसते. तुमच्यापुढे मी रक्त ओकले तरी तुम्हाला काही नाही. तोंडं बघवत नाहीत मला तुमची." वर्ग चिडीचूप झाला. पुढच्या बाकावरची एक मुलगी रडू लागली, आणि बाईंना तिची दयाच आली नाही. त्याचीच त्यांना भीती वाटली.

घंटा झाली. बाई बाहेर आल्या तर बाकावर बाबा, ठेवणीतला सदरा घालून. पावलं वाजली तसे ते चाचपडत उठले.

"कोण आहे? जरा तसदी देतो. माझी मुलगी शिकवते इथे. शेजाऱ्याने भलत्याच वर्गापाशी बसवलं बघा मला." मग हळूच म्हणाले, "आत कोण आहेत हो त्या? फार दमल्यात बिचाऱ्या."

बाईंनी तोंड उघडलं. हाक मारायची तर त्याच आवाजात मारावी लागली असती. त्यांनी बाबांचा पंजा हातात घेतला आणि घट्ट दाबला.

बाबांचं हसू तोंडावरच राहिलं. मग त्यांनी दुसरा हात पुढे केला आणि लहानपणी ताप बघायचे तसा लेकीच्या गळ्यावर ठेवला.